मठपती सर आणि क्लोरलची बरणी

डॉ. मठपतींनी मला सगळ्यात आधी ओळख करून दिली ती एका बरणीची. कोल्हापुरातल्या जनावरांच्या दवाखान्यात मी रुजू व्हायला गेले, त्या सकाळी सर खुर्चीतून उठलेसुद्धा नाहीत. माझा हुकूम वाचला, चष्म्यावरून एकदा माझ्याकडं पाहिलं, चहा सांगितला आणि मागच्या कपाटातून तपकिरी काचेची एक बरणी काढून टेबलावर ठेवली. नव्या सुनेला सासू देवघरापुढं नेऊन उभी करते ना, त्यातलाच प्रकार.

"हे आमचं क्लोरल हायड्रेट," सर म्हणाले. "तुझ्याआधी इथं हाय, माझ्याबी आधी हाय. याच्याशी नीट वागायचं."

बरणीत खडीसाखरेसारखे स्वच्छ, पारदर्शक खडे होते. सरांनी झाकण काढलं आणि नाक न घालता हातानं वारा घेऊन वास घ्यायला सांगितलं. मी घेतला. आधी पिकल्या खरबुजासारखा गोडसर वास आला, म्हटलं बरा आहे की, आणि तेवढ्यात नाकात असं झणझणलं की डोळ्यांतून पाणी आलं. सरांना कोण आनंद झाला. "बघितलंस? आधी गोड बोलतंय, मग दणका देतंय. पेठेतले गवळी याच्या उलट. आधी दणका, मग गोड."

मग त्या खड्यांचा सगळा स्वभाव त्यांनी मला सांगितला. चवीला कडू, जिभेला चटका देणारं, म्हणून भरपूर पाण्यात पातळ केल्याशिवाय जनावराच्या पोटात जाता कामा नये. पाण्यात साखरेला मागं टाकेल इतक्या झटकन विरघळतं. झाकण उघडं राहिलं तर हळूहळू हवेत उडून जातं. उजेड सोसत नाही, म्हणून तपकिरी काच. चहाच्या कपाची धग लागली तरी वितळतं. अल्कलीशी गाठ पडली की मोडतं आणि त्यातून क्लोरोफॉर्म निघतो. आणि कापराशेजारी तर अजिबात ठेवायचं नाही.

"दोघंबी घट्ट, दोघंबी कोरडी," सर म्हणाले. "पर एका भांड्यात आली की दोघांचं तेल होतंय. मग क्लोरल क्लोरल ऱ्हात न्हाय आणि कापूर कापूर ऱ्हात न्हाय."

कॉलेजात मी हे युटेक्टिक मिश्रण या नावानं परीक्षेत लिहिलं होतं आणि मार्कही मिळवले होते. पण एखाद्या औषधाबद्दल असं घरच्या माणसासारखं बोलताना मी कुणाला ऐकलं नव्हतं. ही नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. गुरं बेशुद्ध करायला झायलाझिन नावाचं नवं इंजेक्शन बाजारात आलं होतं, पण आमच्या दवाखान्यात ते सणासारखं यायचं, आणि आलं तरी सण संपायच्या आत संपायचं. म्हणून लाथ मारणारी म्हैस असो, शिंग मोडलेला बैल असो, आमची भिस्त त्या बरणीवर.

सर होते गडहिंग्लजच्या पलीकडच्या एका गावचे. तिथं निम्मं गाव कन्नड बोलतं आणि उरलेलं निम्मं भांडताना कन्नड बोलतं. लिंगायत घर, गळ्यात लिंग, कपाळावर सकाळची विभूती दुपारपर्यंत टिकलेली. उंची बेताची, पोट बेताच्या पुढं गेलेलं, आणि आवाज असा की गोठ्यात शिरायच्या आधी म्हशींना कळावं कोण आलंय. चारचौघांत मला कडक "डॉक्टर" म्हणायचे. दवाखान्यात आम्ही दोघंच असलो की "अव्वा". त्यांच्याकडं लेकीला लाडानं आईच म्हणतात.

त्यांचा एक प्रश्न ठरलेला होता: कशात विरघळतंय? नवं औषध आलं की कंपनीचा माणूस त्याचे गुण गाऊ लागे आणि सर त्याला मध्येच तोडून हेच विचारत. तो पोरगा कागद चाळू लागला की सर मला डोळा मारत. हॉटेलात मिसळीच्या कटाची वाटी पुढं आली की तोच धडा. वर तरंगणाऱ्या लालभडक तर्रीवर चमचा ठेवून म्हणायचे, "झोपेच्या औषधानं नुसतं पाण्यात विरघळून भागत न्हाय, अव्वा. मेंदूच्या दारात चरबी हाय. जे हितं तर्रीत मिसळतंय, तेच तिथं आत जातंय. बाकीचं बसतंय दारात पावण्यासारखं." शेजारच्या टेबलावरची माणसं वाटी हातात धरून ऐकत बसायची. माणसांनाही ते हीच फूटपट्टी लावायचे. आमचे एक वरिष्ठ अधिकारी तपासणीला येऊन फार तणतण करत, तर सर म्हणाले होते, "ते पाण्यात विरघळणारं न्हवं. स्तुतीत टाकून बघ." मी टाकून बघितलं. विरघळले.

आता माझं सांगते. मी उचगावची. आमचं घर बौद्ध, वडील एका कारखान्यात फिटर, आणि मी जनावरांची डॉक्टर झाले त्या दिवशी त्यांनी गल्लीत पेढे वाटले होते. कोल्हापुरात मात्र पेढे वाटायला कुणी तयार नव्हतं. गवळी दवाखान्याच्या दारात यायचे, माझ्याकडं बघायचे आणि माझ्या खांद्यावरून पलीकडं बघत विचारायचे, "डॉक्टर न्हाईत काय?" मी म्हणायची, मीच डॉक्टर. मग ते म्हणायचे, "असू दे, बसतो की." आणि सर येईपर्यंत बाकावर बसून राहायचे. बाई म्हणून बसायचे, की आणखी कशासाठी, ते मला कळत होतं. ते बोलत नव्हते, मीही विचारत नव्हते. राग मात्र रोज यायचा. तो मी सुया उकळण्यावर काढायची.

त्यात सरांची निवृत्ती मार्चअखेरीस ठरलेली, आणि दवाखान्याचा ताबा माझ्याकडं यायचा होता. हे कळल्यावर शिवाजी पेठेतले गवळी दत्तू गवळ्याला पुढं घालून सरांकडं आले. दत्तू म्हणजे पेठेत वजनदार माणूस, मिशी एवढी की बोलताना ओठ दिसत नसत. मी आत औषधांच्या खोलीत होते आणि सगळं ऐकत होते. दत्तू म्हणाला, मॅडम चांगल्या आहेत, शिकलेल्या आहेत, पण म्हैस म्हणजे म्हैस. आम्हाला बाप्यामाणूस द्या, नाहीतर वर अर्ज करतो.

सर शांतपणे म्हणाले, "अर्ज कशाला? मी जायच्या आधी तुमच्यातली एक म्हस हिच्या हातात द्या. अवघड असंल ती द्या. मी हात लावणार न्हाय. हिला जमलं न्हाय, तर मीच सायबाला सांगून दुसरा माणूस मागून घेतो. आणि जमलं, तर पुन्हा हा विषय माझ्या कानावर याचा न्हाय."

दत्तूनं मान डोलावली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मला न विचारता माझी नोकरी पैजेवर लावणारे हे कोण? लोक गेल्यावर मी सरांना तसं बोलूनही दाखवलं. सर बरणी पुसत होते. म्हणाले, "अर्ज गेला असता तर तुला कुणी विचारलं असतं काय?" ते खरं होतं, म्हणून आणखी राग आला.

याच्या काही दिवस आधी खंडेनवमी होऊन गेली होती. कोल्हापुरात त्या दिवशी ज्याची जी हत्यारं, त्यांची पूजा. कुणाची तलवार, कुणाचा रंधा, आमचे चिमटे, कात्र्या आणि सुया. सरांच्या पूजेत औषधांच्या बरण्याही असायच्या आणि मधोमध पाटावर क्लोरल, हळद-कुंकू लावून. सरांनी मला आरतीला बोलावलं तेव्हा मी सांगितलं की सर, मी पूजा करत नाही. मनात धाकधूक होती. सर म्हणाले, "मग तू बरण्यांवरची लेबलं वाच मोठ्यानं. आपण जनावराच्या पोटात काय काय घालतो, ते वर्षातनं एकदा आपल्या कानांनी ऐकावं." मग काय, तिकडं सरांची घंटा आणि इकडं माझं मॅग्नेशियम सल्फेट, टिंक्चर आयोडीन, क्लोरल हायड्रेट. बाहेर बाकावर बसलेल्या एका म्हातारीनं दोन्हींना हात जोडले.

दिवाळी आली. लक्ष्मीपूजनाच्या दुपारी कंपाउंडर रजेवर होता आणि आम्ही दोघं दवाखाना बंद करायच्या बेतात होतो. तेवढ्यात पुंगळी, म्हणजे सायलेन्सर, काढलेल्या फटफटीचा आवाज रस्त्यानं फाटत आला आणि दारात थांबला. दत्तू होता. चेहरा पांढराफटक. त्याची हरणी, पेठेतली सगळ्यात देखणी म्हैस, रंकाळ्यावरून धुऊन आणताना एका पत्र्याच्या कडेला घासली होती आणि तिचा एक सड उभा फाटला होता. दुसऱ्या दिवशी पाडवा. कोल्हापुरात पाडव्याला म्हशींची मिरवणूक निघते, शिंगं रंगवून, मोरपिसं लावून, आणि दत्तूची हरणी पेठेत सगळ्यांच्या पुढं असायची.

"चला डॉक्टर," तो सरांना म्हणाला.

सरांनी माझी बॅग उचलून माझ्याच हातात दिली. "डॉक्टर येत्यात," ते म्हणाले. "तुझी अवघड म्हस हीच की."

सडाचे टाके हे नाजूक काम. आतला पापुद्रा नीट शिवला नाही तर दूध बाहेर गळत राहतं आणि सड कायमचा जातो. म्हैस स्थिर उभी राहिली तरच ते जमणार. सरांनी क्लोरलची बरणी पिशवीत घातली आणि आम्ही पेठेत गेलो.

हरणी गोठ्यात थयथयाट करत होती. जवळ जाईल त्याला लाथ. दत्तूच्या भावानं पाय बांधायला दोर टाकला, तर तो दोरासकट शेणात बसला. पाहायला निम्मी गल्ली जमली होती आणि निम्म्या गल्लीला माहीत होतं की ही नुसती म्हशीची परीक्षा नाही. मी बादलीत पाणी घेतलं आणि सरांना म्हटलं, सर, क्लोरल. सरांनी बरणी काढली, झाकण उघडलं आणि थबकले. बरणी तिरकी केली. आत एकही खडा नव्हता. तळाशी तेलासारखं दाट, स्वच्छ काहीतरी सावकाश हललं.

सरांनी वारा घेऊन वास घेतला आणि बरणी माझ्यापुढं धरली. मी वास घेतला. खरबूज होतंच, पण त्याच्या बरोबरीनं देवघर होतं.

"सर, कापूर," मी म्हणाले.

सर गोठ्याच्या पायरीवर बसले. आधी मला वाटलं चक्कर आली. मग बघते तर माणूस हसतोय. पोट हलतंय, डोळ्यांतून पाणी येतंय. त्यांच्या घरी दसऱ्याला एक रीत होती. पूजा झाली की उरलेला कापूर किडामुंगी लागू नये म्हणून घरातल्या एकेका डब्यात टाकायचा, कपड्यांच्या पेटीत, धान्याच्या कणगीत. खंडेनवमीला पूजा आवरताना सरांनी कापसाच्या डब्यात टाकला, पट्ट्यांच्या पेटीत टाकला, आणि त्याच तंद्रीत उरलेली अख्खी पुडी या बरणीत. नवा साठा आला नव्हता, तळाशी थोडेच खडे उरले होते. त्यानंतर बरणी उघडायची वेळ आली नव्हती, आणि दिवाळीपर्यंत त्यांचं तेल झालं.

"उभा जलम पोरांना सांगत आलो, कापरापासनं लांब ठेवा म्हणून," सर डोळे पुसत म्हणाले. "आणि घातला कुणी? मठपतीनं. पूजा करून घातला."

मला हसू येत नव्हतं. दत्तूला तर नाहीच. त्यानं माझ्याकडं पाहिलं, सरांकडं पाहिलं आणि म्हणाला, "मग ऱ्हाऊ दे. मी दुसरा डॉक्टर बघून आणतो." म्हणजे झालंच. माझी एक म्हैस, ती हातातून गेली. अर्ज जाणार, दुसरा माणूस येणार, आणि मी पुन्हा कुठल्यातरी बाकापुढं "मीच डॉक्टर" म्हणत उभी राहणार. रडू येईल असं वाटलं, म्हणून मी मुद्दाम हरणीकडं बघत राहिले.

दत्तू तणतणत अंगणात गेला आणि फटफटीला किक मारली. पुंगळी नसलेलं ते धूड गोठ्याच्या तोंडाशी धडधडू लागलं. आणि हरणीनं कान टवकारले. मान आवाजाकडं वळवली. नाचणारे पाय थांबले. दत्तूनं गाडी वळवून घेईपर्यंत ती खाली मान घालून रवंथ करायला लागली होती.

"बंद करू नका," मी ओरडले. "जाऊ नका, गाडी तिथंच राहू दे."

गोष्ट साधी होती आणि तिथल्या प्रत्येकाला माहीत होती, फक्त कुणाला सुचली नव्हती. पाडव्याला म्हैस मालकाच्या फटफटीमागं पळते, ना दोर, ना काठी. त्यासाठी ती रेडकू असल्यापासून फटफटी चालू करून तिला वैरण घालतात, आंबोण ठेवतात, अंग खाजवतात. तो आवाज म्हणजे तिला घर. मी दत्तूला ते सांगितलं आणि म्हटलं, मी शिवते, तुम्ही गाडी एकसारखी चालू ठेवा. तो म्हणाला, मग तिचं तोंड कोण धरणार? दुसऱ्या कुणाला ती धरू देत नाही.

तोवर सर उठले होते. धोतर नव्हे, चांगली इस्त्रीची पँट, सरकारी वर्ग एकचे अधिकारी, मार्चात निवृत्त होणारे. त्यांनी दत्तूला हात धरून खाली उतरवलं, त्याला हरणीच्या तोंडाशी पाठवलं आणि स्वतः फटफटीवर टांग टाकून बसले. ॲक्सिलेटर हातात घेतला. "डॉक्टर, तुम्ही सांगाल तसं," ते मला म्हणाले. "वाढवा म्हटलं की वाढवतो, कमी म्हटलं की कमी."

मी गुडघ्यांवर बसले. सड धुतला, बधिर करायचं इंजेक्शन दिलं. सुई टोचताना हरणीचं अंग थरथरलं, मी म्हटलं वाढवा, सरांनी आवाज वाढवला, ती शांत. आतला पापुद्रा शिवला, मग मधला, मग वरची कातडी. गोठा धुरानं भरला, पेट्रोलचा वास, डोळे चुरचुरत होते, आणि फटफटी अशी एकसारखी चालली होती की सरांनी उभ्या आयुष्यात दुसरं काही चालवलंच नसावं. मध्येच ते त्या गोंगाटातून ओरडले, "हे बघ अव्वा, याला रंग न्हाय, खडा न्हाय, पाण्यात टाकता येत न्हाय. सरळ डोस्क्यात विरघळतंय." सगळ्या गल्लीसमोर अव्वा म्हणाले, आणि त्यांच्या ते ध्यानातही आलं नाही.

शेवटचा टाका घातला, गाठ मारली आणि हात वर केला. फटफटी बंद झाली. एकदम इतकं शांत झालं की हरणीच्या रवंथाचा आवाज आला. दत्तू तिच्या कपाळाला कपाळ लावून उभा राहिला.

मग मी म्हणाले, "उद्या पळवायची नाही."

दत्तू दचकला. पाडव्याला हरणी नाही म्हणजे पेठेत तोंड दाखवायची सोय नाही. त्यानं सरांकडं बघितलं, जुन्या सवयीनं, माझ्या खांद्यावरून. सर फटफटीवर बसूनच रुमालानं तोंडावरची काजळी पुसत होते.

"माझ्याकडं काय बघतोस?" सर म्हणाले. "मी फटफटीवाला. डॉक्टरला विचार."

दत्तूनं नजर माझ्याकडं आणली. त्याला ती आणायला कष्ट पडले, पण आणली. "मग काय करू म्हणता, डॉक्टर?"

मी सांगितलं, सजवा, दारात उभी करा, मिरवणूक तिच्यापुढनं जाऊ दे. आणि तसंच झालं. पाडव्याला दत्तूच्या दारात हरणी रंगवलेल्या शिंगांनी नव्या नवरीसारखी उभी होती आणि पेठेतली एकेक फटफटी तिच्यापुढं येऊन हळू होत होती. मला दत्तूच्या बायकोनं हाताला धरून चुलीपाशी नेऊन बसवलं आणि त्यांच्या रोजच्या पितळी पेल्यात मसाला दूध दिलं. मी ते सावकाश प्याले. तेवढं गोड दूध मी पुन्हा प्याले नाही.

ते बरणीतलं तेल सरांनी टाकलं नाही. त्यावर "फक्त बाहेरून" असं लेबल लावलं आणि थंडीभर स्वतःच्या गुडघ्याला चोळलं. म्हणायचे, चुकीचंबी औषध होतंय, फक्त आपल्याच गुडघ्यावर बघावं. अर्जाचा विषय पुन्हा निघाला नाही. मार्चात गवळ्यांनी सरांना फेटा बांधून निरोप दिला आणि एक फेटा माझ्याही डोक्यावर चढवला. तो कानांवरून घसरून माझ्या नाकावर आला, त्या अवस्थेतला माझा फोटो वडिलांनी घरात सगळ्यांना दिसेल असा लावला होता.

त्या निरोपाच्या दिवशी मी सरांना एकदाच विचारलं. सर, तुम्ही माझी नोकरी पैजेवर लावलीत, तुम्हाला खात्री होती का माझी? सर पिशवी भरत होते. म्हणाले, "मला फटफटीची खात्री होती." आणि हसून गाडीत बसून गेले. मी खट्टू झाले. या माणसानं माझ्यासाठी एवढं केलं, ते माझ्यावर विश्वास होता म्हणून, की दत्तूची जिरवायची म्हणून? तारीफ करणं त्यांच्या स्वभावात नव्हतं हे खरं. पण एकदा म्हणायला काय हरकत होती? हा काटा माझ्या मनात बरीच वर्षं होता.

सर गावी एक म्हैस पाळून मजेत राहिले. अधूनमधून फोन करत, नव्या औषधांची चौकशी करत. आता ते नाहीत. एका दुपारी जेवून अंगणात आडवे झाले ते उठलेच नाहीत. त्यांच्या रिवाजाप्रमाणे फुलांनी सजवून, बसवून त्यांना नेलं, आणि पेठेतले गवळी एक टेम्पो करून गेले होते. दत्तू लहान पोरासारखा रडला. मीही रडले. पण सर म्हटलं की मला तो दिवस आठवत नाही. त्याच्या आधी काही वर्षं ते हर्नियाच्या ऑपरेशनसाठी कोल्हापुरात आले होते, तो दिवस आठवतो.

मुलगा हुबळीहून संध्याकाळी पोचणार होता, म्हणून सोबत मी. भूल देणारा डॉक्टर तरुण पोरगा होता, त्याच्या कुत्र्याला मी औषध देत असे, म्हणून त्यानं मला आत उभं राहू दिलं. त्यानं सिरिंज भरली आणि सरांचे डोळे चमकले. सिरिंजमध्ये पांढरंशुभ्र दूध होतं.

"हे कुठलं दूध म्हणायचं?" सरांनी विचारलं.

"दूध नाही आजोबा, प्रोपोफॉल. झोपेचं औषध."

"कशात विरघळतंय?"

तो पोरगा हसला. म्हणाला, पाण्यात विरघळत नाही, म्हणून सोयाबीनच्या तेलात घालून, ते तेल पाण्यात बारीक घुसळून असं दुधासारखं करतात.

"फॅट किती?"

"दहा टक्के."

सरांनी माझ्याकडं मान वळवली. इतका आनंद मी त्यांच्या तोंडावर फार कमी वेळा पाहिला होता. "अव्वा, म्हशीपरास जास्त," ते म्हणाले. "हे डेअरीला घातलं तर..." आणि वाक्य अर्धं टाकून झोपले.

ऑपरेशन नीट झालं. बाहेरच्या खोलीत आणल्यावर बऱ्याच वेळानं त्यांनी डोळे उघडले. काहीतरी कन्नडमध्ये पुटपुटले, मग माझ्याकडं पाहिलं. आपण कुठं आहोत हे त्यांना कळलेलं नव्हतं. ते कुठल्यातरी गोठ्यात होते.

"म्हस उठली?" त्यांनी विचारलं.

मी म्हणाले, "उठली, सर."

"टाके कुणी घातले?"

या माणसानं दुसऱ्याचे टाके स्वतः वाकून बघितल्याशिवाय कधी जनावराचा दोर सोडू दिला नव्हता. दत्तूच्या गोठ्यातही फटफटीवरून उतरून, मला काही न बोलता, त्यांनी निघण्याआधी ते बघून घेतले होते. मला माहीत होतं आता उठायला बघणार.

"मी घातले," मी म्हणाले.

"तू व्हय," सर म्हणाले. "मग सोडा दोर. बघायला नको."

आणि डोळे मिटून घोरायला लागले. मी त्यांच्या उशाशी उभी राहून हसत होते, रडत होते, आणि तो भूल देणारा पोरगा मला विचारत होता, मॅडम, ही कुठल्या म्हशीची गोष्ट चाललीय.